‘वाइड’ म्हणजे नेमके किती वाइड?

प्रश्न : वडिलांचा जुना हॅण्डीकॅम माळ्यावरच्या पेटीत सापडला. छोटी मिनी-डीव्ही कॅसेट लागणारा आहे आणि अजून छान चालतो. पुढच्या महिन्यात आजीचे सहस्रचंद्रदर्शन आहे. सोहळा मोबाइलवर नाही, याच कॅमेऱ्यावर टिपायचा असे घरातल्या पोरांनी ठरवून टाकले आहे. मेनूत तीन पर्याय दिसतात : ‘४:३’, ‘१६:९ वाइड’ आणि ‘सिनेमा’. घरचा टीव्ही रुंद आहे, म्हणजे ‘१६:९’च घ्यायचे ना? माझे मेहुणे पूर्वी लग्नाच्या शूटिंगला जायचे. ते म्हणतात, ‘त्या कॅमेऱ्यातला वाइड खोटा असतो.’ खोटा म्हणजे काय? (एक वाचक, कराड)

उत्तर : मेहुण्यांचे बोलणे हसण्यावारी नेऊ नका. त्या काळात लग्नाच्या मांडवात उभे राहिलेल्या माणसाने हे अनुभवातून सांगितले आहे आणि बऱ्याच कॅमेऱ्यांच्या बाबतीत ते खरे आहे. मात्र सगळ्यांच्या नाही. तुमच्या हातातला कॅमेरा कोणत्या जातीचा आहे हे ओळखायला दुकानात जायला नको, घरातला दरवाजा पुरेल. त्याआधी कॅसेटवर नेमके काय उमटते ते पाहू.

आपल्याकडे विकले गेलेले मिनी-डीव्ही कॅमेरे पाल पद्धतीचे. या पद्धतीत प्रत्येक चित्र आडव्या ७२० ठिपक्यांच्या ५७६ ओळींनी बनते आणि सेकंदाला अशी २५ चित्रे टेपवर जातात. गंमत अशी की तुम्ही ४:३ निवडा की १६:९, हा हिशेब बदलत नाही. दोन्हीकडे ७२० आणि ५७६च. पंगतीचे उदाहरण घ्या. एका ओळीत ७२० पाने मांडलेली आहेत. कार्यालय रुंद मिळाले म्हणून पाने वाढत नाहीत, दोन पानांमधली जागा तेवढी ऐसपैस होते. रुंद चित्रात तेच होते. टेपवर चित्र दाटीवाटीने, दोन्ही बाजूंनी आत दाबलेले साठते आणि टीव्हीवर ते उलगडून दाखवले जाते. सोबत टेपवर एक छोटी खूण जाते : ‘हे चित्र रुंद आहे, उलगडून दाखवा.’ ही खूण लक्षात ठेवा, शेवटच्या प्रश्नात तिने घोळ घातला आहे.

आता खरे-खोटे. कॅमेऱ्यात भिंगामागे प्रकाश टिपणारी चकती असते. तिला त्या काळी सगळे सीसीडी म्हणत, आज सेन्सर म्हणतात. हिचा आकार रुंद असेल, किंवा तिच्यावर ठिपके इतके मुबलक असतील की डावी-उजवीकडे जास्तीची जागा वापरता येईल, तर १६:९ निवडल्यावर कॅमेऱ्याला खरोखरच जास्त दिसते. खोलीचे दोन्ही कोपरे आत येतात, उंची तेवढीच राहते. हा खरा वाइड.

पण चकती ४:३ आकाराची असेल आणि ठिपके जेमतेम गरजेपुरते असतील, तर रुंदी आणणार कुठून? मग कॅमेरा एक युक्ती करतो. वरची आणि खालची पट्टी कापतो, मधल्या ४३२ ओळी ठेवतो आणि त्या ताणून ५७६ करतो. म्हणजे वरच्या आणि खालच्या पंगती उठवल्या आणि उरलेल्या माणसांना अंतरा-अंतराने बसवून सभागृह भरल्याचा देखावा केला. चित्र रुंद दिसते खरे, पण त्यात नवे काही आलेले नसते, होते त्यातले गेलेले असते. आकड्यात सांगायचे तर ४:३ मध्ये ४,१४,७२० ठिपक्यांचे चित्र होते, ते आता ३,११,०४० ठिपक्यांच्या मालावर भागवले जाते. बरोबर पाव हिस्सा गेला. त्यातून हे चित्र दोन हप्त्यांत टिपलेले असते : आधी एकाआड एक ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या ओळी. हप्ता एरवी २८८ ओळींचा, तो आता २१६ ओळींवरून ताणायचा. स्वस्त कॅमेऱ्यांत हे काम घाईने उरकलेले असते, म्हणून हलणाऱ्या हाताच्या कडांना, साडीच्या काठाला करवतीसारखे दाते दिसतात.

हे फक्त घरगुती कॅमेऱ्यांतच होते असे समजू नका. महाराष्ट्रात लग्नांपासून बातम्यांपर्यंत सगळीकडे खांद्याला-हाताला दिसणारा सोनीचा पीडी-१७० घ्या. तीन सीसीडींचा, त्या काळी भारी किमतीचा कॅमेरा, पण तिन्ही सीसीडी ४:३ आकाराच्या. त्याचा वाइड असाच ओढूनताणून आणलेला. पॅनासॉनिकच्या २००२ सालच्या डीव्हीएक्स-१०० वर छोट्या चित्रपटवाल्यांचा जीव होता, त्याच्याही चकत्या ४:३ च. २००४ साली कॅनन एक्सएल-२ आला तेव्हा त्याच्या जाहिरातीत ‘जातिवंत १६:९’ हा मोठा मुद्दा होता, यावरून बाकीच्यांची स्थिती काय होती ते कळते. तुमचे मेहुणे याच काळातले असणार.

आता दरवाजाची परीक्षा. कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा वह्यांच्या गठ्ठ्यावर घट्ट ठेवा. झूम पूर्ण मागे घ्या. समोर फळ्यांचे कपाट किंवा दरवाज्यासह भिंत येऊ द्या. मोड ४:३ ठेवून पडद्याच्या डाव्या आणि उजव्या कडेला नेमके काय दिसते ते कागदावर लिहा : डावीकडे कॅलेंडरची कड, उजवीकडे बिजागरी, असे. वर-खालीही लिहा. मग कॅमेरा न हलवता १६:९ करा आणि पुन्हा बघा. छोट्या पडद्यावर चित्र दाबलेले किंवा पट्ट्यांसकट दिसेल, त्याकडे लक्ष देऊ नका. कडेला काय आहे एवढेच पाहायचे. कॅलेंडर पूर्ण आत आले आणि बिजागरीपलीकडचा स्विचबोर्डही दिसू लागला, तर तुमचा कॅमेरा खरा आहे. डावे-उजवे तसेच राहिले आणि वरची चौकट, खालचा उंबरठा नाहीसा झाला, तर मेहुणे जिंकले.

अर्थात पूर्ण जिंकले असेही नाही. एक मधली जात आहे. पुढे पुढे हॅण्डीकॅममध्ये फोटोही काढता यावेत म्हणून दहा लाख आणि त्याहून जास्त ठिपक्यांच्या चकत्या आल्या. अशा चकतीची वरची-खालची पट्टी कापली तरी मागे ५७६ पेक्षा जास्त ओळी शिल्लक राहतात. पंगतीत इतकी माणसे की काही उठली तरी सभागृह भरलेलेच. तिथे दरवाज्याच्या परीक्षेत कॅमेरा नापास होतो, पण चित्राच्या नितळपणात काही कमी पडत नाही. हे ओळखायला माहितीपुस्तिका लागेल. शेवटच्या पानांवर, जिथे बॅटरीचे वजन वगैरे लिहिलेले असते, तिथे ‘व्हिडिओसाठी प्रत्यक्ष वापरले जाणारे ठिपके’ अशा अर्थाची ओळ असते आणि बरेचदा ४:३ साठी आणि १६:९ साठी वेगवेगळे आकडे दिलेले असतात. १६:९ चा आकडा मोठा किंवा बरोबरीचा असेल तर प्रश्न मिटला. तो पाऊणपट असेल, पण तरीही चार लाख पंधरा हजारांच्या वर असेल, तरीही काळजी नको. पाऊणपट आणि तीन लाखांच्या आसपास असेल, तर तो ताणलेला वाइड. पुस्तिका हरवली असेल तर मॉडेलचा नंबर टाकून शोधा, बहुतेक जुन्या पुस्तिका आजही मिळतात.

राहिला तुमचा तिसरा पर्याय, ‘सिनेमा’. याच्याबद्दल माझे मत कडवट आहे आणि त्याला कारण आहे. या मोडमध्ये कॅमेरा काहीच ताणत नाही. तो ४:३ चे चित्र घेतो आणि वर ७२ व खाली ७२ ओळींवर काळी पट्टी फासतो. जुन्या डबा टीव्हीवर ते बघताना थिएटरात बसल्यासारखे वाटायचे. त्याच मोहाला बळी पडून मी एका मावसभावाचे अख्खे लग्न ‘सिनेमा’वर काढले. तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली. पुढे घरोघरी रुंद टीव्ही आले आणि ती कॅसेट लावली, तर डावी-उजवीकडे टीव्हीच्या काळ्या पट्ट्या, वर-खाली कॅमेऱ्याच्या काळ्या पट्ट्या आणि मधोमध पोस्टाच्या तिकिटाएवढे लग्न. टीव्हीचा झूम वापरून ते मोठे करता येते, नाही असे नाही. पण पट्टीखाली गेले ते गेलेच. अंतरपाट खाली आला तेव्हा मी घाईत कॅमेरा जरा खाली धरला होता. नवरदेवाच्या मुंडावळ्या काळ्या पट्टीत गेल्या. साधे ४:३ असते तर त्या टेपवर असत्या आणि पुढे चित्र थोडे वर-खाली सरकवून सावरून घेता आले असते. तेव्हा ‘सिनेमा’ला हात लावू नका. नावे कंपनीगणिक बदलतात. कुणी याला ‘लेटरबॉक्स’ म्हणते, आणि दाबून साठवणाऱ्या वाइडला कुणी ‘स्क्वीझ’ म्हणते. नावावर विसंबू नका. पाच सेकंद चित्रण करून टीव्हीला लावा. पट्टी चित्रातच रंगवलेली आहे का, एवढे दिसले की पुरे.

आता निर्णय. खरा वाइड किंवा मुबलक ठिपक्यांचा वाइड निघाला, तर डोळे मिटून १६:९. ताणलेला निघाला, तर दोन पक्ष आहेत आणि त्या काळात या दोन पक्षांत चहाच्या टपरीवर भांडणे होत. एक पक्ष म्हणे, कॅमेऱ्यातच ताणू द्या. कॅमेरा चित्र ताणतो ते टेपवर आवळून बसवण्याआधी. डीव्हीत चित्र साधारण पाचास एक या प्रमाणात आवळले जाते, आणि आवळलेले चित्र नंतर ताणले की त्यातले दोष मोठे होतात. मुद्दा खोटा नाही, पण फरक बारीक आहे. दुसरा पक्ष म्हणे, ४:३ काढा आणि कापायचे ते एडिटिंगला बसल्यावर कापा. मी या दुसऱ्या पक्षाचा. कारण सोहळ्यात चित्रण करणारा माणूस काकांना ‘जरा सरका’ म्हणत, पोरांच्या धक्क्यांतून वाट काढत असतो. त्याची चौकट दर वेळी अचूक बसत नाही. कापायचे काम नंतर ठेवले तर प्रत्येक तुकड्यात पट्टी वर सरकवायची की खाली, हे शांतपणे ठरवता येते. आजच्या कुठल्याही साध्या एडिटिंग ॲपमध्ये १६:९ चा प्रकल्प उघडायचा, त्यात ४:३ ची क्लिप टाकायची, ती १३३ टक्के मोठी करायची आणि हवी तशी वर-खाली सरकवायची. झाले.

यासाठी चित्रण करतानाच थोडी मोकळीक ठेवावी लागते. एक जुनी युक्ती सांगतो. कॅमेऱ्याच्या बाहेर उघडणाऱ्या छोट्या पडद्यावर, वर आणि खाली, जखमेवर लावायच्या कागदी चिकटपट्टीच्या दोन बारीक फिती लावा. पडद्याच्या उंचीचा आठवा हिस्सा वर, आठवा खाली. बघायचे सगळ्यात, पण महत्त्वाचे ते दोन फितींच्या मध्ये ठेवायचे. आजीचे डोके वरच्या फितीत जात असेल तर झूम जरा मागे घ्या. फिती दुधट असतात, त्यातून मागचे दिसत राहते.

आणि खरे सांगायचे तर तुमच्या या सोहळ्यात कापायलाच हवे असे मला वाटत नाही. सहस्रचंद्रदर्शनात मुख्य चित्र काय? पाटावर बसलेली आजी, समोर ओवाळणाऱ्या सुना-नातसुना, निरांजनांचा उजेड, एक चेहरा, दोन हात. हे चित्र उंच आहे, रुंद नाही. ४:३ ची चौकट त्याच्यासाठीच बेतल्यासारखी वाटते. टीव्हीवर डावी-उजवीकडे थोडे काळे राहील, राहू द्या. रुंद चौकटीत आजी मध्ये आणि दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पंख्याची वायर आणि मोबाइल चाळणारा एक जावई, असे बरेचदा होते. उलट लेझीमची रांग, पालखीमागची दिंडी, कबड्डीचे मैदान काढायचे असते तर मी रुंदीसाठी हट्ट धरला असता. एकदा हट्ट धरून कोकणात दशावतार रुंद चौकटीत काढला होता आणि तो सुंदर आला, कारण त्या खेळात पात्रे एकमेकांपासून लांब उभी राहून बोलतात आणि मधली मोकळी जागाही काहीतरी बोलत असते.

एक पथ्य : एका कॅसेटवर एकच मोड. मध्येच बदललात तर पुढे कॉम्प्युटरवर घेताना ती ‘रुंद आहे’ची खूण कुठे लागू आणि कुठे नाही, यात सॉफ्टवेअर गोंधळते. दुसरी गोष्ट आजच तपासा. या कॅमेऱ्यातून चित्र जसेच्या तसे बाहेर काढायला फायरवायरची वायर लागते आणि नव्या लॅपटॉपला तिचे तोंड नसते. कॅमेऱ्याला यूएसबी असली तरी बऱ्याच मॉडेलांत ती फोटोंपुरती किंवा कमी दर्जाच्या चित्रापुरती होती. फायरवायर असलेला जुना कॉम्प्युटर कुणाकडे आहे ते सोहळ्याआधी विचारून ठेवा.

प्रश्न : १६ आणि ९ हेच आकडे का? १५ आणि ९ का नाहीत? ४:३ तरी कुठून आले? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : ४:३ चा जन्म एडिसनच्या प्रयोगशाळेत झाला. तिथे काम करणाऱ्या विल्यम डिक्सन यांनी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर, कडेच्या चार भोकांइतक्या उंचीची चौकट ठरवली. तिचा आकार साधारण चारास तीन निघाला आणि मग सगळ्या जगाने तोच धरला. दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेराही याच फिल्मवर चालायचा आणि १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ याच चौकटीतला. टीव्ही आला तेव्हा त्याने सिनेमाची चौकट उचलली. मग घरबसल्या करमणूक सुरू झाल्यावर थिएटरे ओस पडू लागली, तेव्हा सिनेमावाले म्हणाले, टीव्हीला परवडणार नाही असे काहीतरी करू. १९५३ साली ‘द रोब’ हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट आला. त्यामागे आंरी क्रेतियँ या फ्रेंच प्राध्यापकाने १९२० च्या दशकात बनवलेले भिंग होते. ते दृश्य आडवे निम्मे दाबून साध्या फिल्मवर उतरवायचे आणि थिएटरातले उलटे भिंग ते पुन्हा दुप्पट रुंद करायचे. आपल्याकडे गुरुदत्त यांचा ‘कागज़ के फूल’ १९५९ साली सिनेमास्कोपमध्ये आला, कॅमेरा व्ही. के. मूर्ती यांचा. मराठीत सिनेमास्कोप यायला १९९० उजाडले, महेश कोठारे यांच्या ‘धडाकेबाज’च्या रूपाने.

म्हणजे १९८० च्या दशकात उच्च दर्जाच्या नव्या टीव्हीचा विचार सुरू झाला तेव्हा एका टोकाला जुने ४:३ होते, दुसऱ्या टोकाला सिनेमास्कोपचे जवळजवळ २.३५:१ आणि मध्ये अनेक. केर्न्स पॉवर्स या अमेरिकी अभियंत्याने शाळकरी वाटावी अशी युक्ती केली. या सगळ्या आकारांचे, पण सारख्याच क्षेत्रफळाचे आयत घेतले आणि मध्यबिंदू जुळवून एकावर एक ठेवले. सगळ्यांना बाहेरून वेढणारा आयत आणि सगळ्यांत सामाईक असलेला आतला आयत, दोन्हींचे प्रमाण १.७७ च्या आसपास आले. ते म्हणजेच १६:९.

वहीत एक गुणाकार करून बघा. चार तृतीयांशला चार तृतीयांशने गुणले की सोळा नवमांश. त्याला पुन्हा चार तृतीयांशने गुणले की चौसष्ट सत्तावीसांश, म्हणजे २.३७, सिनेमास्कोपच्या अगदी शेजारी. १५:९ ला ही जिन्याची पायरी सापडत नाही. याच गुणाकारामुळे कराडच्या वाचकांच्या कॅमेऱ्याच्या काळात आणखी एक मार्ग होता, जो वरच्या उत्तरात सांगायचा राहिला : कॅमेऱ्याच्या भिंगापुढे १.३३ पट दाबणारे भिंग बसवायचे. क्रेतियँचीच विद्या, फक्त दाब कमी. त्यातून ४:३ च्या चकतीवर संपूर्ण ५७६ ओळींचे खरे रुंद चित्र उतरायचे. पण भिंग जड, महाग, झूम पूर्ण वापरता येत नसे आणि व्ह्यूफाइंडरमध्ये दिवसभर सगळी माणसे काटकुळी बघावी लागत. हौशी लघुपटवाले वापरत. लग्नवाले त्याच्या वाटेला गेले नाहीत आणि शहाणेच होते.

प्रश्न : मोबाइलवर फोटोवरून व्हिडिओवर गेले की चित्र आपोआप जवळ येते. मी झूम केलेला नसतो. फोन बिघडला का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : नाही. फोनची चकती साधारणपणे ४:३ ची. फोटो तिचा पूर्ण आकार वापरतो, व्हिडिओ १६:९ चा म्हणून वरची-खालची पट्टी सोडतो. त्यात थरथर घालवण्यासाठी फोन चारही कडांना थोडी जागा राखून ठेवतो, तीही जाते. तुमच्या फोनमध्ये लाखो ठिपके जास्तीचे आहेत, त्यामुळे पहिल्या उत्तरातली काळजी इथे लागू नाही. दोन पावले मागे सरका.

प्रश्न : २००७ सालच्या आमच्या लग्नाची कॅसेट दुकानातून पेन ड्राइव्हवर करून आणली. टीव्हीवर लावली तर सगळे उंच आणि काटकुळे. मी तेव्हा बारीक होते हे खरे, पण इतकी नाही. सासऱ्यांना तर ओळखताच येत नाही. चित्र बिघडले का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : चित्र शाबूत आहे, चिठ्ठी हरवली आहे. तुमचे लग्न १६:९ वर काढलेले होते. टेपवर ते दाबून साठले होते आणि ‘उलगडून दाखवा’ अशी खूण सोबत होती. दुकानदाराच्या मशीनने किंवा सॉफ्टवेअरने चित्र घेतले आणि खूण सोडून दिली. मग ते रुंद चित्र ४:३ च्या चौकटीत दाखवले जाते आणि प्रत्येकाची रुंदी पाऊणपट होते. सासरे त्यातलेच.

पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने कॉपी केली असेल तर ही खूण हरवण्याची शक्यता आणखी जास्त. तिथे ती चित्राच्या सुरुवातीच्या, पडद्यावर न दिसणाऱ्या एका ओळीत सांकेतिक रूपात जाते आणि स्वस्तातली यंत्रे ती ओळ वाचतच नाहीत.

तात्पुरता उपाय : कॉम्प्युटरवर व्हीएलसीमध्ये फाइल लावा आणि कीबोर्डवरचे ‘ए’ हे अक्षर दाबत जा. चौकटीचे प्रमाण बदलत जाईल, १६:९ आले की थांबा. टीव्हीवर रिमोटने ‘फुल’ किंवा ‘वाइड’ करूनही जमेल, पण मग दुसऱ्या कुणाची ४:३ ची कॅसेट लावताना तो परत ‘ऑटो’वर न्या, नाहीतर त्यांच्याकडची सगळी मंडळी आडवी फुगतील. कायमचा उपाय एडिटिंग करणाऱ्याकडून करून घ्या. ‘क्लिप १६:९ समजून घ्या’ एवढे सांगितले की त्याला कळते. एकच अट घाला : पेन ड्राइव्हवरची फाइल पुन्हा पुन्हा आवळून नवी फाइल बनवू देऊ नका. शक्य असेल तर कॅसेटवरून फायरवायरने मूळ डीव्ही फाइल मागा. तासाला साधारण १३ जीबी होते, आजच्या हिशेबात ती काहीच नाही. ती एक प्रत जशी आहे तशी हार्ड डिस्कवर ठेवा आणि बाकीचे प्रयोग तिच्या नकलेवर करा.

प्रमाण बरोबर आले की नाही हे चेहऱ्यावरून ठरवू नका. आपल्या ओळखीचा चेहरा डोळा पटकन सांभाळून घेतो, आणि वीस वर्षांपूर्वीचा असेल तर मन त्याला थोडा बारीकच करते. चित्रात गोल वस्तू शोधा. ओवाळणीचे तबक हातात तिरके धरलेले असते, ते फसवे. भिंतीवरचे घड्याळ, बँडवाल्याच्या मोठ्या ढोलाचे तोंड, समोरून दिसणारे गाडीचे चाक, यातले काहीही चालेल. पडद्यावर पट्टी लावून उंची-रुंदी मोजा. सारखी आली की सासरे सापडले.

कराडच्या वाचकांनी हे वाचले असेल तर एक काम सोहळ्याच्या सकाळीच करून टाकावे. कॅसेट सुरू करताना पहिले दहा सेकंद स्टीलचे रिकामे ताट भिंतीला उभे टेकवून, कॅमेरा त्याच्या बरोब्बर समोर धरून चित्रित करा. ताटावर आजीचे नाव कोरलेले असेल तर तेच घ्या.